बाईचा पहिला नंबर

दिवाळीचे दिवे विझले की आमच्या वडशात माणसं कमी आणि नट जास्त होतात. टपरीवर राजा बशीत चहा फुंकत बसलेला असतो, खलनायक लेकराला कडेवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत असतो, आणि काल आरमोरीकडे जिला सासूनं विष पाजलं ती नायिका भाजीबाजारात वांग्याचा भाव पाडत असते. मी हे वाढवून सांगतोय असं वाटेल. वाढवून सांगतोच मी, पण यातलं वांगं खरं आहे.

बाहेरच्यांसाठी एवढं आधीच सांगून ठेवतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. शेवटची गाडी पकडायची म्हणून घड्याळ बघत संपवलेलं नाटक नव्हे. जेवणं उरकली की सुरू आणि कोंबडा आरवला की बंद. शेतात उतरता खड्डा खणतात, अख्खा गाव चादरी-घोंगड्या घेऊन त्यात बसतो, आणि कुणी झोपला तर रडायच्या जागी त्याला शेजारचा हलवून उठवतो. ही नाटकं ठरवायला गावची मंडळं वडशाला येतात. तिथल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसांना सगळे ‘प्रेस’ म्हणतात, कारण पूर्वी पोस्टरं छापणारेच नाटकं ठरवून द्यायचे. छापखाने गेले, नाव राहिलं.

मी यात नट नाही की वादक नाही. नदीच्या अलीकडे, ब्रह्मपुरीत, खताच्या दुकानावर माझी खोली आहे आणि मी फुल स्टॅक वेब डेव्हलपर आहे. माझी आई लोकांना सांगते, ‘तो कॉम्प्युटर दुरुस्त करते.’ लोक मग बंद पडलेले मिक्सर घेऊन येतात. दोन-चार दुरुस्तही केले मी.

ज्या प्रेसच्या मालकानं मला बोलावलं त्याचा सगळा धंदा भिंतीवरच्या एका कॅलेंडरवर होता. कोणत्या तारखेला कोणतं गाव, ते पेन्सिलीनं. त्याच कॅलेंडरवर त्याची बायको गॅस सिलिंडरची तारीख लिहायची. एका वर्षी सिलिंडरच्या तारखेला अख्खी बस कुरखेड्याच्या जंगलात शिरली, आणि जिथं नाटक होतं तिथं म्हणे सिलिंडर पोचला. गावानं वाट पाहून पाहून शेवटी त्यालाच हार घातला. मालक ही गोष्ट खोटी आहे म्हणतो. त्याची बायको काही म्हणत नाही.

“हे फुल स्टॅक म्हंजे काय बा?” त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

मी त्याच्याच भाषेत सांगितलं. “भाऊ, पडद्यापुढं जे लोकायले दिसते ते फ्रंट. मागं रंगखोलीत जे चालते ते बॅक. आन् कपड्याची पेटी, ज्यात कोनाचा मुकुट कुठी हाय ते ठेवलं अस्ते, तो डेटाबेस. एकच मानूस तिन्ही पाहात अशीन तं तो फुल स्टॅक.”

तो विचारात पडला. “म्हंजे पडदाबी तूच ओढनार, रंगबी तूच लावनार, पेटीबी तूच उचलनार.”

“हो.”

“असा एक मानूस होता आमच्याकडं. लवकर मेला.”

काम मात्र मी मन लावून केलं. आणि काम चाललं, हे माझ्या दुश्मनांनीही मान्य करावं. तोपर्यंत दोन गावांना एकच तारीख दिली जायची आणि मग मालक आठवडाभर आजारी पडायचा; ते बंद झालं. ज्या गावांना वडशाला यायला नाल्यातून बैलगाडी आणि वरून दोन बस लागायच्या, त्या गावचं पोरगं टेकडीवर चढायचं, नेटवर्कची काडी दिसली की तारीख पक्की करून खाली उतरायचं. बालाघाटकडून, राजनांदगावकडून गावं यायला लागली, ज्यांनी प्रेसचं नाव कधी ऐकलं नव्हतं. दसऱ्यापर्यंत तारखा अशा भरल्या की मालकानं दुसरी बस घेतली, नटांचा दुसरा संच उभा केला. वाढणाऱ्या धंद्याला वेबसाइट काय देते असं मला कॉलेजात भाषणाला बोलावून विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. पुढचं तिथं सांगितलं नाही.

साइटवर मालकाच्या सांगण्यावरून मी दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक, मंडळानं कलाकार निवडून तारीख पक्की केली की समोर हिरवी खूण यायची: ‘कलाकार बदलणार नाही.’ कारण पूर्वी मंडळं नाटकाच्या आदल्या दिवशी येऊन नायिका बदलून मागायची, आणि मालकही एक दाखवून दुसरी पाठवायचा. आता दोघांचेही हात बांधले. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक फोटोखाली बदामाचं बटण. आवडलं तर दाबा. ज्याचे बदाम जास्त तो यादीत आपोआप वर.

पहिल्याच आठवड्यात लावणीवाली वर गेली, तिच्या खाली नायक, मग विनोदी नट. मी हौसेनं बसचा, साऊंडचा, जनरेटरचाही फोटो टाकला होता. मालकानं एक दिवस मला चहाला बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“हे पाय. बाई जनरेटरच्या खाली हाय.”

होती खरी. आमच्याकडे जनरेटरवर लोकांचं प्रेम आहे, लाईट गेली की तोच एक कामाला येतो. पण बाई त्याच्याही खाली.

बाई म्हणजे कंपनीतली आई. तीस वर्षं तिनं फक्त आयाच केल्या, आणि प्रत्येक नाटकात मेली. अशी मेली की खड्ड्यातल्या बायका पदर तोंडात कोंबायच्या. धानोऱ्याकडच्या एका गावात तिच्या मरणाच्या प्रवेशाला मागच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरं खायला आलेलं अस्वल खाली बसलं आणि पडदा पडल्याशिवाय उठलं नाही. वनरक्षकानं स्वतः पाहिलं. त्याचं नाव मी सांगणार नाही, पण तो बोरीच्या झाडावर चढला होता, त्यामुळे त्याला नीट दिसलं. सकाळी गावच्या बायका रांगेनं येऊन तिची ओटी भरायच्या, तांदूळ, खण, नारळ. कारण रात्री ती लेकरासाठी मेलेली असायची. नाटकाआधी कंपनीतला प्रत्येक जण, खलनायकसुद्धा, तिच्या पाया पडायचा. तशी रीतच होती.

पण आईच्या फोटोवर बदाम कोण दाबतो? आईसाठी माणूस रडतो, नाक पुसतो आणि घरी जातो.

मालकानं हिशोब सरळ केला. संक्रांतीनंतर बाईला घरी बसवायचं. एखादी पोरगी पांढरा विग लावून आई करील, फोटोतही बरी दिसेल. तो वाईट माणूस नव्हता. सांगताना त्याचा आवाज दबला होता. पण यादी समोर होती, आणि ती मीच त्याला बनवून दिली होती, सुंदर रंगांत.

आता बाईचं घर म्हणजे काय ते सांगतो. वैनगंगेच्या काठाला, मार्कंड्याच्या अंगाला, दिराच्या घरातली एक खोली. दीर आणि पुतणे नदीत, तळ्यात मासे धरतात. नवरा गेला तेव्हापासून बाई पावसाळाभर तिथं जाळी सांधत बसायची आणि दिवाळीची वाट पाहायची. मूल झालं नव्हतं. स्टेजवर ती शेकडो पोरांची आई, आणि घरी कोणाची कोणीच नाही. विनोदी नटाला ती एकदा म्हणाली होती, की मला होळीपर्यंत नाईटा मिळू देत, एकदा घरी बसली की मी बसलेलीच राहीन. नाईट म्हणजे एका रात्रीचा प्रयोग. तिला त्या मोसमाच्या नाईटा हव्या होत्या, दुसरं काही नाही.

ही गोष्ट विनोदी नटानं बसमध्ये सगळ्यांना सांगितली. मग त्या बसमध्ये जे झालं ते माझ्या कॉम्प्युटरला आधी कळलं. एका सकाळी बाईचा बदाम उगवला. दुपारपर्यंत ती जनरेटरच्या वर. नटांनी दाबले, नटांच्या बायकांनी दाबले, तबलजीच्या बहिणीच्या सासरनं अख्ख्या गल्लीसकट दाबले. एका मोबाईलवरून एकदाच दाबता येईल अशी सोय मी केली होती, म्हणून यांनी मोबाईल गोळा केले. शेवटी विनोदी नट भर प्रयोगात माईकवर आला, म्हणाला मोबाईल काढा, आईला एक बदाम द्या, नाहीतर ही आई उद्यापासून मरणार नाही. आणि खड्डाभर लोकांनी अंधारात मोबाईल उजळले. मला माझ्या खोलीत आकडे असे चढताना दिसले की मी खिडकी उघडली, यंत्र पेटतं की काय.

आठवड्यात बाई लावणीवालीच्या वर. पहिला नंबर.

मी खूश होतो. असा चोरटेपणा मला आवडतो. मालकाला मी काही बोललो नाही, आणि तोही खूश होता. त्याला वाटलं, लोकांना आता आई पाहिजे. वडशाच्या चौकात बाईचा एवढा मोठा फ्लेक्स लागला की खाली म्हशी सावलीला बसायच्या. त्यात तिच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या. आणि मंडळं बाईला निवडायला लागली. हिरवी खूण, हिरवी खूण, हिरवी खूण. दोन्ही संचांच्या तारखांवर बाई.

एक माणूस एका रात्री दोन गावांत कसा असेल? त्याचंही उत्तर माझ्याच साइटमध्ये होतं. दोन गावांमधलं अंतर आणि प्रवेशांच्या वेळा एकाखाली एक दाखवणारं पान मी मालकाला बनवून दिलं होतं, साऊंडवाला आणि तंबू यांची सोय लावायला. मालकानं त्यात बाई बसवली. पहिल्या संचाच्या नाटकात आई मध्यंतराआधी मरते. दुसऱ्याच्या नाटकात शेवटच्या अंकात. मध्ये जीप. म्हणजे बाई एका गावात मरायची, उठायची, पांढरं लुगडं तसंच नेसून जीपमध्ये बसायची, आणि जंगल ओलांडून दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा मरायची.

पूर्वी ती एक नाईट करायची आणि एक नाईट बसमध्ये झोपायची. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरनंच सांगितलं होतं, घशातल्या पडद्यांवर सूज आहे, आवाजाला विसावा द्या, नाहीतर जाईल. हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं. बदाम दाबताना कुणाला आठवलं नाही.

बाई एक दिवस दुपारी माझ्या खोलीचा जिना चढून आली. गळ्याला मफलर, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी सुकवलेले झिंगे. खुर्चीवर न बसता खाली बसली. आवाज असा की ओल्या लाकडावर करवत.

“बापू, तो नंबर तूच वरखाली करते ना?”

मी म्हटलं, “लोक करतेत, बाई. मी फक्त मोजतो.”

“मले खाली आन.”

मला वाटलं ती चिडून बोलते. म्हणालो, खाली गेलात तर मालक घरी बसवील.

“एकदम खाली नोको. मधात ठेव. मधात कोनी पाहात नाई, आन् काढत बी नाई.” तिनं मफलर घट्ट केला. “पोट्ट्यायनं मायेनं केलं, मले समजते. त्यायले नोको सांगू.”

मी कधी कुणाचं इतक्या लवकर ऐकलं नाही. ती बसलेली असतानाच मी डेटाबेसच्या पेटीत हात घातला आणि बदाम उपसले. बाई पायऱ्या उतरावी तशी उतरत उतरत हार्मोनियमवाल्याच्या खाली आणि साऊंडच्या वर येऊन थांबली. तिनं पडद्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मी बोट ठेवून दाखवलं. बरोबर मधात.

ती समाधानानं गेली. आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. नवीन गावं तिला निवडेनाशी झाली, हे खरं, पण होळीपर्यंतच्या तारखा आधीच भरल्या होत्या, आणि प्रत्येकीसमोर हिरवी खूण. मी वडशाला जाऊन मालकाला डॉक्टरचं सगळं सांगितलं. त्यानं डोकं धरलं.

“मंग मंडळायले काय सांगू? तिथी लिहून हाय, कलाकार बदलनार नाई. एक गाव सोडलं तं उद्या सगळे सोडतेत. दुसरी बस कशावर घेतली मी?”

“मी खूण काढून टाकतो भाऊ.”

“त्यायच्याकडं फोटो हायेत खुणेचे. मंडपात लावलेत.”

त्यानं त्याच्या परीनं केलं. जीपला नवे टायर टाकले, पुढच्या सीटवर गादी बांधली, थर्मासमध्ये आल्याचा काढा. काढा तो स्वतः करायचा. आणि बाई दोनदा मरत राहिली. तिच्या दृष्टीनं ज्या नाईटा मागितल्या होत्या त्याच तर मिळत होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

सिंदेवाहीच्या बाजूला एका गावात तिचा आवाज गेला. शेवटचं बोलणं चाललं होतं आणि मध्येच ओठ हलत राहिले, आवाज आला नाही. मी तिथं नव्हतो, विनोदी नटानं सांगितलं, आणि तो स्टेजबाहेर विनोद करत नाही. लोकांना वाटलं हाही अभिनयच. तीस वर्षांत तिला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या. ती पडल्या पडल्या विंगेकडे बघत होती, आणि हा विंगेत उभा होता, आणि दोघांनाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी काय करायचं? गाव खड्डा खणून बसलेलं. साऊंडवाल्याकडे दोन्ही नाटकांच्या आधीच्या प्रयोगांचं रेकॉर्डिंग निघालं. त्यानं बाईची वाक्यं कापून ओळीनं लावली. काही दिवस बाई नुसते ओठ हलवत होती. मग मालकाच्या लक्षात आलं की ओठच हलवायचे तर बाई कशाला पाहिजे. दोन्ही संचांत विग घातलेल्या दोन पोरी उभ्या राहिल्या, बाई कुठंही न जाता दोन्ही गावांत मरू लागली आणि जीप वाचली. मंडळांना त्यानं समजावलं की आवाज तोच आहे. मला फोन आला, साइटवर बाईच्या फोटोखाली एक शब्द टाक: ‘आवाज’. मी टाकला. पाच मिनिटांचं काम.

होळीआधी मी तिच्या गावाला गेलो. अंगणात दोन बांबूंवर जाळं पसरलं होतं आणि ती खालची फाटलेली बाजू सांधत होती. दिराची सून म्हणाली, बोलायला लावू नका, डॉक्टरनं मना केलंय, तसंही निघत नाही. बाईनं मला बसायला खूण केली. बराच वेळ सुई चालत राहिली. मग ती जवळ सरकली. आवाज नव्हताच, नुसता श्वास.

“रडतेत का?”

मी दोन प्रयोग मुद्दाम पाहून आलो होतो. “रडतेत, बाई.”

“कोनत्या बोलाले?”

दुसऱ्या संचाच्या नाटकात तिचं शेवटचं बोलणं असं आहे. पोरगा दारात उभा, आई म्हणते, ‘दार लावून घे बाळा. वारा लागेल तुला.’ आणि मरते. मी सांगितलं, दार लावून घे म्हणते तिथं बायका पदर काढतात.

तिनं मान हलवली. नाही म्हणून. सुई जाळ्यात टोचून ठेवली. “तिथी नाई. तिथी थांबाचं अस्ते. लोक बी थांबतेत.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “थांबा काढला का त्यानं?”

मी तिच्यासमोरच साऊंडवाल्याला फोन लावला. तो जेवत होता. म्हणाला, पोरगी उभी राहिली त्या पहिल्या दिवशी ठेवला होता थांबा. पण तेवढ्यात लोकांना वाटलं सेट बंद पडला, शिट्ट्या झाल्या, एकानं चप्पल फेकली. बाई स्टेजवर असते तेव्हा ती थांबली हे दिसतं, पोरगी उभी असली की नुसतं बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणून कापला. आता नाही टाकत. आणि त्यानं फोन ठेवला.

बाई वाट पाहत होती.

“टाकतो म्हनते, बाई. आजपासून.”

तिचा चेहरा उजळला असं मी इतर कुठं लिहिलं असतं. तसं काही झालं नाही. तिनं फक्त हात वर केला, थांब, आणि मग किती थांबायचं ते मला दाखवायला तिनं श्वास घेतला आणि धरून ठेवला. सून चुलीपाशी उठून उभी राहिली. मीही नकळत धरला होता. माझा सुटला, तिचा अजून धरलेलाच होता. मग तिनं सोडला आणि बोटानं माझ्या हातातला फोन दाखवला.

मी फोन कानाला लावला आणि सांगितलं, एवढा. नीट ऐकून घे, एवढा थांबा पाहिजे.

पलीकडे कुणीच नव्हतं.